डोंगर दिसतो म्हणून जास्त पैसे देताय? मग हे क्रमानं करा

दसरा आला की दरवर्षी हेच चालू होतं. कुणाचा तरी फोन येतो, "दादा, बायपासला फ्लॅट बघितलाय, गॅलरीतून सगळा साताऱ्याचा डोंगर (आपल्या संभाजीनगरचा सातारा, सातारा जिल्हा नव्हे) दिसतोय, हिरवागार, व्ह्यूचे चार लाख वेगळे मागायलेत, देऊ का?" मी एवढंच विचारतो की गॅलरी आणि डोंगराच्या मधली जमीन कुणाची आहे, आणि पलीकडं माणूस गप्प. बहुतेकदा इसार देऊन झालेला असतो.

खरेदीखतं, करारनामे लिहायचं काम मी बरीच वर्षं करतोय, छत्रपती संभाजीनगरात जास्त, अधूनमधून जालना-नांदेडचंही येतं, आणि चूक सगळीकडं एकच दिसते: लोक आधी व्ह्यू बघतात, मग पैसे ठरवतात आणि कागद सगळ्यात शेवटी काढतात. झाडं, डोंगर, तळं समोर असलं की घराची किंमत वाढते हे खरंच आहे, पण तो व्ह्यू किती वर्षं राहणार हे समोरच्या जमिनीचा कागद ठरवतो, त्यामुळं किंमतही तिथूनच काढायची. खाली दिलेला क्रम मोडू नका, एवढीच विनंती.

## आधी हाताशी काय पाहिजे

साइटवर जायच्या आधी ह्या गोष्टी जमवा. मंजूर लेआउटची किंवा बिल्डिंग प्लॅनची प्रत (ब्रोशर नव्हे, सही-शिक्क्याची). आपल्या गटाचा आणि ज्या बाजूला व्ह्यू आहे त्या बाजूच्या गटांचा सातबारा, महाभूलेखवर मिळतो. गटांची हद्द कळायला महाभूनकाशा. मोबाइलमध्ये होकायंत्र. आणि कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो, फुकट आहे, त्यात जुन्या तारखांचे फोटो बघता येतात.

हे जमवायला दोन-तीन दिवस जातात. तेवढ्यात फ्लॅट गेला तर जाऊ द्या, "आजच टोकन द्या" म्हणणाऱ्याकडं तर हे दोन-तीन दिवस नक्कीच घ्या.

## टप्पा १ : व्ह्यू म्हणजे नेमकं काय, ते लिहून काढा

गॅलरीत उभं राहा आणि वहीत तीन ओळी लिहा. एक, अगदी जवळ काय आहे (कंपाउंड, रस्ता, मोकळा प्लॉट). दोन, मध्ये काय आहे. तीन, लांब काय आहे. लोकांचं लक्ष तिसऱ्या ओळीवर असतं आणि घात होतो दुसऱ्या ओळीत.

एका निवृत्त गुरुजींचं सांगतो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दक्षिणेला गॅलरी, समोर ज्वारीचं रान आणि मागं डोंगर. करारनाम्यात चतुःसीमा (चारी बाजूंना काय आहे ते) लिहिलेली होती, "पूर्वेस ९ मीटर रस्ता, दक्षिणेस सदर गटाचा उर्वरित भाग". गुरुजींनी ते वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं, पण त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. उर्वरित भाग म्हणजे त्याच मालकाची उरलेली जमीन, म्हणजे फेज टू. दोन वर्षांत रानात चुन्याच्या रेषा पडल्या, मग जेसीबी आला, मग सात मजले उभे राहिले. आज त्यांच्या गॅलरीतून समोरच्या किचनचा एक्झॉस्ट फॅन दिसतो, त्याच्या खालची तेलकट पट्टी पण दिसते, आणि डोंगर बघायचा असेल तर गच्चीवर जावं लागतं. व्ह्यूचे पैसे त्यांनी दिले होते, फंडातून.

तपासा: चतुःसीमेत व्ह्यूच्या बाजूला "उर्वरित भाग", "गट नंबर अमुक" किंवा "प्लॉट नंबर तमुक" असं असेल तर तिथं आज ना उद्या बांधकाम धरूनच चाला. "ओपन स्पेस", "डीपी रस्ता" (विकास आराखड्यातला रस्ता), "वन विभाग" असं असेल तर व्ह्यू टिकायची आशा जास्त. पुढचे टप्पे दोन्हीकडं करायचेच.

## टप्पा २ : मे महिन्यात बघा, निदान मेचा फोटो तरी बघा

आपल्याकडं डोंगर हिरवा असतो तो जुलैपासून फार तर नोव्हेंबरपर्यंत. संक्रांत झाली की पिवळा पडायला लागतो आणि एप्रिल-मेमध्ये नुसता दगड आणि वाळलेलं कुसळ. बुकिंगचा सीझन मात्र गणपती ते दिवाळी, म्हणजे वर्षातले सगळ्यात हिरवे दिवस बघून आपण बारा महिन्यांचे पैसे देतो. तळ्याचंही तेच, सप्टेंबरात काठोकाठ भरलेलं पाणी उन्हाळ्यात किती मागं सरतं हे गूगल अर्थच्या जुन्या फोटोत तारखेनुसार दिसतं. पाच-सात वर्षांचे एप्रिल-मेचे फोटो काढा आणि सप्टेंबरच्या फोटोशेजारी ठेवा. जमीन किती भरत आली, प्लॉटिंग कुठवर पोचलं हे पण त्यातच कळतं.

डोंगराच्या फोटोत अजून एक बघा, तांबूस-पांढरट जखमा. मुरूम आणि खडीसाठी डोंगर पोखरला जातो तिथं अशा खुणा वर्षागणिक मोठ्या होताना दिसतात, आणि खाली हायवाचा (खडी-मुरूम वाहणाऱ्या मोठ्या टिपरचा) रस्ता तयार झालेला असतो. अशा ठिकाणी नुसता व्ह्यू जात नाही, धूळ आणि सुरुंगाचे हादरेही घरात येतात. रात्री अकरानंतर एकदा तिथं जाऊन उभं राहा, गाड्या चालू असल्या तर लगेच समजतं.

दिशा बघायला विसरू नका. व्ह्यू पश्चिमेला असेल तर एप्रिल-मेच्या बेचाळीस डिग्रीत दुपारी तीननंतर ती गॅलरी वापरता येत नाही, पडदे ओढूनच बसावं लागतं, मग व्ह्यूचे पैसे कशाचे? त्या बाजूला मोठी झाडं असली तर गोष्ट वेगळी. कडुनिंब, करंज ही झाडं ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी धरतात, भिंतीवर सावली पाडतात आणि मुरली की पाणी मागत नाहीत. आपल्या भागात बारा महिने टिकणारी हिरवाई म्हणजे हीच, आणि एखाद्या सोसायटीत अशी जुनी झाडं असतील तर मी लांबच्या डोंगरापेक्षा त्यांना जास्त पैसे देईन.

सावध: तळ्याकाठचं किंवा नदीकडचं घर असेल तर संध्याकाळी सातला जा. जलपर्णी, नाल्याचा वास, डास हे सकाळच्या साइट व्हिजिटला कळत नाही.

## टप्पा ३ : समोरच्या जमिनीचा कागद

हा सगळ्यात मोठा टप्पा आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक शब्दाची. "ग्रीन झोन" म्हटलं की लोकांना झाडी वाटते. ग्रीन झोन म्हणजे विकास आराखड्यात शेतीसाठी ठेवलेला भाग, बस. समोर ग्रीन झोन आहे म्हणजे तिथं आज दाट वस्ती होणार नाही, पण आराखडा बदलला की तो यलो झोन, म्हणजे राहिवासी भाग, होऊ शकतो. आणि तुमचा स्वतःचाच प्लॉट ग्रीन झोनमध्ये असेल तर घर बांधायच्या परवानगीलाच अडचण आहे. "ग्रीन झोनमधला निसर्गरम्य प्लॉट" अशी जाहिरात वाचून इसार देणारे मी बघितलेत. नगररचना विभागातून झोन दाखला आणि आराखड्याचा भाग नकाशा काढा, दोन्ही गटांचा, आपल्या आणि समोरच्या.

आता समोर काय असू शकतं ते एकेक घेऊ.

बागेचं आरक्षण. नकाशावर हिरवा ठिपका दाखवून "समोर गार्डन होणार" असं सांगतात. झालेली बाग आणि होणारी बाग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ प्रमाणं आराखडा अंतिम होऊन १० वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही, तर मूळ मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप उठतं. म्हणजे बागेच्या जागी टॉवर. त्यामुळं विचारायचं हे: जागा महापालिकेच्या नावावर झाली का, सातबाऱ्यावर किंवा पीआर कार्डवर (शहरातल्या मिळकतीची पत्रिका) तशी नोंद आहे का? नसेल तर तो व्ह्यू कागदावर नाही असंच समजा.

लेआउटमधली ओपन स्पेस. ही त्यातल्या त्यात भक्कम. राज्याच्या सध्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणं ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडावीच लागते. तिथं ठरावीक मर्यादेत क्लबहाऊससारखं बांधकाम चालतं, ते नेमकं कुठं दाखवलंय ते मंजूर नकाशात बघा. तुमच्या खिडकीसमोरच असेल तर गार्डन फेसिंगचे पैसे कमी करा.

डोंगर उतार. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही, त्यामुळं खरा चढ असलेला भाग बऱ्यापैकी सुरक्षित. पायथ्याचा सपाट भाग मात्र नाही, आणि पायथ्याशीच गुंठेवारी (लेआउट मंजूर न करता गुंठा-गुंठा पाडून विकलेली जमीन) भरपूर आहे. बाँडवर किंवा नोटरीवर घेतलेला "हिल टच" प्लॉट हा व्यवहार मी कुणालाच करू देत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ ला बदल होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट मिळाली, पण त्यानंतरचं किंवा न बसणारं तसंच लटकलेलं राहतं, त्याला बँक कर्ज देत नाही आणि तुम्ही विकायला काढलं की गिऱ्हाईक अर्ध्या किमतीपासून बोलायला लागतं. व्ह्यू कितीही भारी असो.

सरकारी जमीन. वन विभागाची असेल तर उत्तम. हिमायत बागेसारखी कृषी विद्यापीठाच्या ताब्यातली असेल तरी चांगलं, खाजगी मोकळ्या रानापेक्षा कितीतरी बरं. गायरान असेल तर निर्धास्त होऊ नका, सरकारी प्रकल्पाला गायरान दिलं जातं आणि अतिक्रमणंही तिथंच होतात.

स्मारक. बीबी का मकबरा किंवा देवगिरी किल्ला समोर दिसणारी घरं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढं २०० मीटर परवानगीनंच. म्हणजे त्या पट्ट्यातला व्ह्यू टिकतो, पण तुमचं घरही पहिल्या १०० मीटरमध्ये असेल तर वरचा मजला चढवताच येत नाही, पुढच्या २०० मध्ये परवानगी लागते, आणि दुरुस्तीलासुद्धा दोन्हीकडं परवानगी लागणार. दोन्ही बाजू मोजा.

नदी, तळं, धरण. नांदेडला गोदावरीकाठी, पैठणला नाथसागराच्या बाजूला प्लॉट दाखवतात. इथं पहिला प्रश्न पूररेषेचा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत घर नाही म्हणजे नाहीच, दोन्हींच्या मध्ये असेल तर अटी असतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळं गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की पाणी कुठवर आलं होतं, आणि ते उत्तर रेषेशी ताडून बघा. जायकवाडी परिसरात पक्षी अभयारण्य आहे, त्याच्या भोवती इको सेन्सिटिव्ह झोन आहे, तिथला प्लॉट असेल तर त्याची वेगळी चौकशी लागेल.

तपासा: ह्या टप्प्यानंतर एका ओळीत उत्तर लिहिता आलं पाहिजे: "समोरची जमीन अमुकच्या मालकीची, अमुक झोनमध्ये, तिथं अमुक होऊ शकतं." लिहिता येत नसेल तर पैशाची बोलणी चालू करू नका. शेजाऱ्यानं कायदेशीर बांधकाम केलं तर "माझा व्ह्यू गेला" म्हणून नुसत्या नजाऱ्याचा हक्क सांगून ते थांबवता येत नाही.

## टप्पा ४ : हिरवळीला पाणी कुठून?

सोसायटीच्या आतल्या हिरवाईचा हा प्रश्न आहे आणि तो कुणीच विचारत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो भाग आपला आहे, इथं लॉन म्हणजे पाण्याचं बिल.

हिशोब सोपा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला रोज पाच मिलिमीटर धरा. २,००० चौरस फूट लॉन म्हणजे साधारण १८६ चौरस मीटर, म्हणजे रोजचं ९३० लिटर, महिन्याला जवळजवळ २८,००० लिटर. दहा हजारी टँकरचे तीन, नुसत्या गवताला. सांडपाणी शुद्ध करून वापरायचा प्लांट असेल आणि तो खरंच चालू असेल (झाकण उघडून बघा, नुसता बोर्ड बघू नका) तर ठीक. नसेल तर दोन उन्हाळ्यांत त्या लॉनची माती होते आणि तुम्ही दिलेले गार्डनचे पैसे पण. मेंटेनन्सच्या मागच्या एप्रिल-मेच्या पावत्या मागा, टँकरचा आकडा तिथं दिसतो.

## टप्पा ५ : आता पैशाचा हिशोब

बिल्डरनं सांगितलेल्या आकड्यापासून सुरुवात करायची नाही. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथं सूची क्रमांक २ (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश) बघता येते, त्यावरून त्याच बिल्डिंगमधले किंवा शेजारचे झालेले व्यवहार काढा. मग व्ह्यूवाला एक आणि बिनव्ह्यूचा एक असे जोडीनं लावा, एरिया सारखाच पाहिजे.

समजा १,००० चौरस फुटांचे दोन फ्लॅट. रस्त्याकडचा तिसऱ्या मजल्यावरचा ४६ लाखाला गेला, डोंगराकडचा पाचव्या मजल्यावरचा ४९ लाख ५० हजाराला. फरक साडेतीन लाख. लोक इथंच थांबतात आणि म्हणतात व्ह्यूचे साडेतीन लाख. तसं नसतंय. फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठी लागणारी जादा रक्कम) दर मजल्याला चौरस फुटामागं ४० रुपये असेल तर दोन मजल्यांचे ८० हजार वजा. डोंगराकडच्याला कव्हर्ड पार्किंग आहे, त्याचा एक लाख वजा. उरले एक लाख सत्तर हजार, म्हणजे ४६ लाखावर पावणेचार टक्क्यांच्या आसपास. व्ह्यूचा खरा भाव एवढा, आणि मागत होते चार लाख.

अशा दोन-तीन जोड्या लावा, एकीवर विसंबू नका.

प्रमाण कळावं म्हणून बाहेरच्या देशांतली दोन मोजमापं सांगतो, तो टक्का जसाच्या तसा इकडं लावायला नाही. फिनलंडमधल्या सालो गावात जंगलाचा व्ह्यू असलेली घरं ४.९ टक्क्यांनी महाग निघाली, आणि जंगल एक किलोमीटर लांब गेलं की किंमत ५.९ टक्के कमी. अमेरिकेत बेलिंगहॅमला समुद्राचा पूर्ण, काहीही मध्ये न येणारा व्ह्यू असेल तर ६० टक्के जास्त, पण अर्धवट आणि वाईट व्ह्यूला फक्त ८. कोपऱ्यातून मान वाकडी करून दिसणाऱ्या डोंगराला "हिल व्ह्यू" म्हणून पूर्ण पैसे देऊ नका, ते याचसाठी. आणि सालोचा तो एक किलोमीटर पण लक्षात ठेवा, खिडकीतून दिसत नसली तरी चालत जाता येण्यासारखी बाग जवळ असणं याचीही किंमत असते. नुसत्या खिडकीच्या मागं लागून लोक हे सोडून देतात.

मग टप्पा ३ चं उत्तर घ्या आणि कात्री लावा. माझा हिशोब असा आहे: समोर वन विभाग, तीव्र उतार किंवा झालेली सार्वजनिक बाग असेल तर जोडीतून निघालेली रक्कम पूर्ण. शेतीचा पट्टा असेल तर फार तर अर्धी. यलो झोनमधलं खाजगी रान किंवा "उर्वरित भाग" असेल तर शून्य, दोन-चार वर्षं डोंगर दिसेल तो आनंद फुकटात घ्या.

## टप्पा ६ : बँक आणि स्टँप ड्यूटी

व्ह्यूचे पैसे बँकेचा व्हॅल्युअर बऱ्याचदा धरत नाही. समजा करार ५० लाखाचा आणि व्हॅल्युएशन आलं ४६ लाखाचं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, म्हणजे ४० लाखाऐवजी ३६ लाख ८० हजार. वरचे ३ लाख २० हजार खिशातून. आणि स्टँप ड्यूटी करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारनं ठरवलेला दर) यांत जी जास्त असेल तिच्यावर, म्हणजे व्ह्यूवर ड्यूटी पण भरायची. व्ह्यूचे पैसे रोख मागितले तर सरळ नाही म्हणा, उद्या वाद झाला तर त्या पैशाचा कुठंही पुरावा राहत नाही.

## टप्पा ७ : लिहून घ्या

तोंडी सांगितलेलं गार्डन उगवत नाही. रेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारा कायदा) नोंदणी नंबर घ्या, जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, तिथं मंजूर नकाशे असतात, तेच ब्रोशरशी जुळवा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम द्यायची नाही, रेरा कायद्याचं कलम १३ तेच सांगतं. जाहिरातीत खोटं दाखवलं आणि त्यावर विसंबून तुमचं नुकसान झालं तर कलम १२ खाली भरपाई मागता येते, म्हणून ब्रोशर, व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ, सॅम्पल फ्लॅटमधल्या बोर्डाचे फोटो सगळं जपून ठेवा. मंजूर लेआउट बदलायचा असेल तर दोन तृतीयांश घेणाऱ्यांची लेखी संमती लागते, कलम १४. बुकिंगच्या वेळी सह्यांच्या गठ्ठ्यात एखादं कोरं संमतीपत्र घुसवलेलं असतं, तेवढं एक पान शोधून बाजूला काढा.

करारनाम्यात ही दोन वाक्यं मागा: व्ह्यूच्या बाजूला त्याच विकासकाची किंवा त्याच मालकाची जमीन आहे का आणि असल्यास तिथं काय प्रस्तावित आहे, आणि व्ह्यूसाठी किती रक्कम घेतली ती वेगळी दाखवा. दुसऱ्याला कुणी सहज तयार होत नाही. पहिल्याला जर कुणी टाळाटाळ केली, तर गुरुजींची गॅलरी आठवा आणि परत टप्पा १ च्या वहीतली दुसरी ओळ वाचा.

## विकायला काढताय तर

थोडक्यात. समोरच्या जमिनीचा झोन दाखला आणि सातबारा स्वतःच काढून फाईलला लावा, गिऱ्हाईक घासाघीस करतं ते शंकेपोटी. सप्टेंबर आणि मे, दोन्ही महिन्यांतले तारखेसकट फोटो दाखवा. घर सकाळी दाखवा, खिडकीच्या जाळ्या धुवून. आणि अंगणात जागा असेल तर विकायच्या चार-पाच वर्षं आधी पश्चिमेला दोन कडुनिंब लावा, पावसाळ्याच्या सुरुवातीला, आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घाला.